यांस

बेचाळीस अक्षरांचा पत्ता, शून्यापासून सुरू होणारा.
ना गल्ली, ना पिनकोड, ना 'अमुक यांच्या घरासमोर'.
एकतीस वर्षं बाड्यावरच्या पोस्टात मी खणांतून पत्रं टाकली,
नई सडक, दौलतगंज, शिंदे की छावनी,
हात आधी वाचायचा, डोळे मागून.
हा पत्ता हर्षलनं दोनदा वाचून दाखवला
तरी मध्येच बोट घसरलं.

"मावशी, चोराचं पाकीट हेच.
तुझे पैसे इथे गेले, बघ, वेळेसकट."

बघितलं. दुपारी दोन वाजून अकरा मिनिटं.
मी गजक खात होते, आणि फोनवरच्या त्या गोड मुलाला
बारा शब्द वाचून दाखवत होते,
इनलँडच्या पाठीवर सुवाच्य लिहून ठेवलेले.
प्रत्येक शब्दानंतर तो "जी, आंटीजी" म्हणायचा.
स्पेलिंग अडलं तर थांबायचा.
इतकं लक्ष देऊन माझं कोणी ऐकलं नव्हतं बरेच दिवस.

हर्षल म्हणाला, पैसे परत येत नाहीत, निरोप मात्र जातो,
पाकिटातून पाकिटाला. थोडं तिकीट लागतं.
जुन्या पाकिटात तिकिटापुरतेही टिकत नाहीत,
टाकले की तो उचलतो. म्हणून नवं उघडून दिलं.
"पण झाकलेलं नसतं हं. कोणीही वाचेल. कायमचं."
म्हणजे पोस्टकार्ड.

पोस्टकार्डं मी वाचायचे. आता सांगायला हरकत नाही.
धुक्यानं गाडी रखडली की थैल्या उशिरा यायच्या,
मग चहा होईस्तोवर मी लोकांची लग्नं जुळताना पाहिली,
भेलशाच्या कुणा नानूची गणितात गेलेली तीन वर्षं,
मुरारच्या एकीला दर महिन्याला येणारं
'मी खुशाल', बस, एवढंच.

तर बसले लिहायला, आणि मायन्यापाशी अडले.
चोराला ती. म्हणायचं की चि.?
आवाजावरून चि. वाटला होता.
शेवटी लिहिलं,

'यांस, स. न. वि. वि.
आपण नेलेल्या रकमेत एक लाख चाळीस हजार
माझ्या ग्रॅच्युइटीचे होते. खालची कवळी व्हायची आहे.
निम्मे धाडलेत तरी चालेल.
उलटटपाली कळवावे.
मनोरमा शितोळे, निवृत्त सॉर्टर, लश्कर.'

हिरवी खूण उमटली.
शिक्क्याचा आवाज नाही, काही नाही.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बघत राहिले.
नवव्या रात्री झोप येईना म्हणून तीच यादी बोटानं खाली ढकलली,
तर माझ्या पत्राखाली पत्रं.
सदतीस मोजली.
इंग्रजीत शिव्या, तमिळमध्ये काहीतरी लांबलचक,
एकानं नुसता आकडा, पुढे 'बेटी की फीस'.
पेटी तोंडापर्यंत तुंबलेली
आणि किल्लीवाला वर्षभरात फिरकलेला नाही.

पण प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता.
डावीकडे, स्वच्छ, एकही अक्षर न पुसलेला.
बेवारस पत्र उघडायला आम्हाला परवानगी मिळायची
ती एवढ्यासाठीच:
घेणारा सापडत नसेल तर निदान पाठवणारा सापडावा.

चष्मा पुसला.
हर्षलकडून तिकिटाचे आणखी पैसे मागवले,
कशाला ते सांगितलं नाही.

माझ्याच्या लगेच खालचं पहिलं घेतलं.
गोल गोल लिपी, मल्याळम असेल, नाहीतर सिंहली,
एकच ओळ, शेवटी प्रश्नचिन्ह.
पत्ता तीनदा ताडून पाहिला, बोटाखाली पट्टी धरून.
लिहिलं मराठीतच, दुसरं कुठे येतं मला,

'यांस,
तिकडून पोच येणार नाही.
आपलं पत्र मला मिळालं.'

तारीख घालायची राहून गेली.
ती आपोआप पडते म्हणे.